बीरगांवची न सापडलेली फाइल

रायपूर शहराला लागून, उरला औद्योगिक क्षेत्राजवळ बीरगांव आहे. काही वर्षांपूर्वी तेथील एका वृद्ध विधवेने घराच्या पट्ट्याची प्रमाणित प्रत मागितली होती. जुने अभिलेख स्कॅन करून लिनक्स सर्व्हरवर ठेवलेले होते आणि फाइलींची नावे देवनागरीत होती. लिपिकाने शोध घेऊन टिपणी सादर केली : 'अभिलेख उपलब्ध नाही.' बाईंचा हा चौथा हेलपाटा होता. स्वाक्षरी करण्यापूर्वी मी स्वतःच कमांड लाइनवर शोधावयास बसलो.

नाव टंकले, अशी फाइल नाही, असे उत्तर आले. पहिली चूक माझीच होती. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीने अनुच्चारित अनुस्वार सोडला. त्या सवयीने मी 'बीरगाव' लिहिले होते. हिंदीत कोणी 'बीरगांव' लिहितो, कोणी 'बीरगाँव'. वाचणाऱ्याला गाव एकच, संगणकाला मात्र तीन. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा अनुभव नवा नसावा.

तिन्ही रूपे लिहूनही फाइल मिळेना, कारण उरलेला भेद डोळ्यांना दिसणाराच नव्हता. नावाच्या आरंभी 'छत्तीसगढ़' हा शब्द होता. त्यातील 'ढ़' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा 'ढ' आणि त्यापुढे नुक्ता असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात; परंतु यूटीएफ-८ मध्ये पहिल्याचे ३ बाइट होतात, दुसऱ्याचे ६. लिनक्स फाइलीचे नाव अक्षरे म्हणून वाचत नाही, बाइटांची माळ म्हणून जपतो. माळ जुळली नाही की फाइल 'नाही'. मराठीतही 'साताऱ्याची यादी' लिहिताना कोणी 'ऱ' हे अक्षर वापरतो, तर कोणी 'र' आणि एक अदृश्य जोडचिन्ह.

यावर साधा उपाय म्हणजे पूर्ण नाव टंकूच नये. ज्यांविषयी वाद नाही अशा 'रगा' या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना तारांकन देऊन यादी मागवली आणि पट्ट्याची फाइल समोर आली. नाव अगदीच हाताळता येत नसेल, तर फाइलीचा आयनोड क्रमांक पाहून त्यावरून ती गाठता येते. नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तरी फाइल बिघडली असे समजू नये. बहुधा टर्मिनलची मांडणी यूटीएफ-८ नसते.

पुढे देवनागरी नावे बंदच करावीत, अशी सूचना आली. मला ती पटली नाही. फाइलीला वर्ष आणि क्रमांक द्यावा, देवनागरी नाव सूचीत ठेवावे, आणि सूचीत घेताना युनिकोडचे प्रमाणीकरण करावे. त्याने 'ढ़'ची दोन्ही रूपे एक होतात. अनुस्वार आणि चंद्रबिंदू मात्र त्याने एक होत नाहीत. गावाचे अधिकृत नाव कोणते, हे माणसांनीच ठरवून लिहून ठेवावे लागते.

बाईंना त्याच दिवशी प्रत मिळाली. तेव्हापासून 'उपलब्ध नाही' अशी टिपणी आली की मी एकच प्रश्न विचारतो : कोणत्या नावाने शोधले? अभिलेख नसणे आणि आपल्याला न सापडणे यांतील अंतर प्रशासनाला क्षुल्लक वाटते; नागरिकाचे घर त्या अंतरात हरवू शकते.