पुन्हा मोरोगोरोला

मैत्रिणींनो, टांझानियात कधी जायचं झालं तर आधी घड्याळ वाचायला शिका! तिथला दिवस मध्यरात्री नाही, उजाडल्यावर सुरू होतो. आपले सकाळचे 7 म्हणजे स्वाहिलीत ‘सा मोजा’, पहिला तास. 8 म्हणजे दुसरा. काटा 8 वर असतो आणि बाई शांतपणे सांगते, “दोन वाजले.” ऐकून हसू येतं, पण हाच घोळ औषधाच्या कागदावर झाला की हसू कुठल्या कुठे जातं. तापलेल्या मुलाची गोळी 8 वाजता द्यायची, असं कुणा परदेशी सल्लागारानं लिहून दिलं आणि ते तसंच्या तसं उतरवलं, तर आई ती गोळी दुपारी 2 वाजता देणार. चूक तिची नाही हो!

पहिल्यांदा मी तिथे गेले ती ह्यांच्या नोकरीमुळे. दोन वर्षं होतो. इथली अर्धवेळ शिक्षिकेची नोकरी सोडलेली, हाताशी वेळ भरपूर. शेजारणींकडून स्वाहिली शिकले. ती फार परकीही वाटत नाही. गाडीला ‘गारी’, पैशाला ‘पेसा’, आणि चपातीला चपातीच. पुढे मलेरियाची माहिती आयांपर्यंत पोहोचवण्याच्या एका प्रकल्पात काम मिळालं. चित्रं दाखवायची आणि बायकांना त्यातून काय समजलं ते विचारून लिहून घ्यायचं. ह्यांची बदली झाली, काम अर्ध्यावर राहिलं. आता चार महिन्यांसाठी पुन्हा बोलावणं आलं, तेही एकटीला.

लेक चौथीत. “एवढ्याशा पोरीला टाकून जाणार?” हा प्रश्न मला किती जणींनी विचारला, ते मोजायचं मी सोडून दिलं. सासूबाई मात्र म्हणाल्या, “काम अर्धं ठेवून आलीयस ना? मग जा. तिच्या डब्याचं मी बघते.” निघताना पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं, असं विमानात सारखं वाटत होतं.

दार-एस-सलामहून मोरोगोरो सुमारे 190 किलोमीटर. पूर्वी बसमध्ये अर्धा दिवस मोडायचा. 2024 च्या जूनपासून विजेची रेल्वे धावू लागली आहे, ती दोन तासांच्या आत पोहोचवते. खिडकीतून आपल्याकडच्या बांधावरच्या घायपाताची शेतंच्या शेतं दिसली आणि मग उलुगुरूचे निळे डोंगर. दारात पाय ठेवताच शब्द कानावर आला, “पोले!” दमलेल्याला, आजाऱ्याला, ठेच लागलेल्याला, प्रवासाहून आलेल्याला, सगळ्यांना हा एकच शब्द. आपल्याकडे याला जोडीदार नाही. घरातल्या आजीबाईंना ‘शिकामू’ केलं, म्हणजे आपला वाकून नमस्कारच. तिकडे एक म्हण आहे : पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. माझ्या हातात दुसऱ्याच दिवशी चित्रांचा गठ्ठा आला!

या देशाला रेडिओवरून आरोग्य शिकवण्याची जुनी सवय आहे. 1973 साली ‘म्टू नि आफ्या’, म्हणजे ‘माणूस म्हणजेच आरोग्य’, नावाची मोहीम झाली. गावोगाव गट करून लोक रेडिओ ऐकत, चर्चा करत आणि मग उठून संडास खणत. सुमारे 20 लाख माणसं त्यात होती. 1993 मध्ये ‘ट्वेंडे ना वाकाटी’ ही श्रुतिका सुरू झाली. कुटुंबनियोजन आणि एड्स हे तिचे विषय. तिच्यातला बाहेरख्याली ट्रकड्रायव्हर म्क्वाजू (या नावाचा अर्थ चिंच!) घरोघरी माहीत झाला. उपदेश कोण ऐकतं? पण म्क्वाजूचं पुढे काय होतं, हे ऐकायला स्वयंपाक थांबवतील.

आमचं काम त्यामानानं एवढंसं. मलेरियावरच्या जोडगोळीला तिथे ‘म्सेटो’चं औषध म्हणतात. म्सेटो म्हणजे तांदूळ आणि मुगाची मिसळ, आपली खिचडीच की! दोन औषधं एकत्र, म्हणून हे नाव. एवढं सुटसुटीत नाव आपल्या एखाद्या औषधाला कुणी ठेवलं असतं का? लहानग्यांच्या पाकिटात सहा गोळ्या. पहिली दिली की आठ तासांनी दुसरी, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. दुधाबरोबर किंवा खाण्याबरोबर दिली तर अंगी लागते.

खरी अडचण पुढेच आहे. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो, मूल खेळायला लागतं आणि आई उरलेल्या गोळ्या पदराला बांधून ठेवते, धाकट्याला ताप आला तर असाव्यात म्हणून. तुम्ही-आम्ही तरी वेगळं काय करतो? माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यात अशी अर्धी पाकिटं किती निघतील! पण पहिल्याच्या रक्तात उरलेले जंतू पुन्हा उचल खातात, आणि धाकट्याला ते अर्धं पाकीट पुरत नाही ते नाहीच. औषधाला पैसे पडले असतील तर ‘टाकू नका’ आणि ‘साठवू नका’ या दोन्ही गोष्टी तिला एकदम पटवायच्या, तेही अक्षर न वाचता.

घड्याळ आम्ही काढूनच टाकलं. आता उगवता सूर्य, मावळता सूर्य आणि शेजारी गोळी. हे बायकांना बघताक्षणी कळतं. पहिल्या दिवसाचे आठ तास मात्र दवाखान्यातल्या नर्सनं तोंडी मोजून द्यायचे.

अडलंय ते शेवटचं चित्र. खेळणारं मूल काढलं तर बायका म्हणतात, “बरं झालंय की, मग गोळी कशाला?” निजलेलं काढलं तर म्हणतात, “औषध लागू पडलेलं दिसत नाही.” मंगळवारी पुन्हा दवाखान्याच्या ओसरीवर बसायचं आहे. चित्रकारानं आता मुलाच्या एका हातात चेंडू दिलाय आणि दुसरा हात आईनं घट्ट धरून ठेवलाय. बघू या, ओसरीवरच्या बायका काय म्हणतात ते.