निवृत्त झालेलीं नांवें

बोलीतला शब्द मागें पडला तरी त्यास कोशांत जागा मिळते. यंत्राच्या भाषेंत तीही मिळत नाहीं. पायथॉन भाषेंत अंकगणनेसाठीं नम्पाय नांवाची लायब्ररी आहे. तिच्यांतील ‘एनपी.इंट’, ‘एनपी.फ्लोट’, ‘एनपी.बूल’ हीं नांवें २०२१ सालीं १.२० या आवृत्तीनें त्याज्य ठरविलीं आणि २०२२ च्या डिसेंबरांत १.२४ नें तीं काढूनच टाकलीं. आमच्या कॉलेजांत एका निवृत्त सहाध्यापकांनीं पर्जन्यमानासाठीं लिहिलेला प्रोग्राम त्यामुळें बंद पडला. त्यांतून निघणाऱ्या कोष्टकांवर एका विद्यार्थिनीचा प्रबंध उभा राहावयाचा असल्यानें दुरुस्तीचें काम आम्हांकडे आलें.

‘सर, जुनें नांव दिसेल तेथें नवें घाला, पांच मिनिटांचें काम,’ असें आमचे तरुण सहकारी म्हणाले. काम तेवढेंच खरें. विचार मात्र तेवढ्यांत आटोपणारा नव्हे. ‘एनपी.इंट’ हा मुळांत बहुरूपीच. नम्पायचा वेष घेऊन वावरणारा तो पायथॉनचा साधा ‘इंट’ होता. त्याच्या जागीं ‘इंट’ लिहिल्यास वर्तन तिळमात्र बदलत नाहीं. पण पूर्णांकास ३२ बिटें द्यावयाचीं कीं ६४, हा प्रश्न पूर्वींप्रमाणेंच झांकलेला राहतो. २०२४ सालीं २.० ही आवृत्ति येईपर्यंत नम्पायचा स्वाभाविक पूर्णांक विंडोजवर ३२ बिटांचा असे. त्यांत २,१४,७४,८३,६४७ याहून मोठी संख्या मावत नाहीं. कोंकणांतला २,५०० मिलिमीटर पाऊस दशांश मिलिमीटरांत मांडला तर २५,००० होतो. त्याचा वर्ग ६२,५०,००,०००. असे चार वर्षांचे वर्ग मिळविले कीं मर्यादा मोडलीच! आणि अ‍ॅरेच्या बेरजेंत ती मोडली असतां यंत्र तक्रार न करतां खुशाल ऋण संख्या पुढें ठेवतें.

म्हणून आम्हीं जेथें मोठ्या बेरजा होत्या तेथें ‘इंट६४’ असें स्पष्ट लिहिलें, आणि शेजारीं त्याचें कारणही नोंदविलें. गंमत अशी कीं, ‘एनपी.बूल’ हें नांव २.० मध्यें परत आलें आहे; परंतु आतां तें नम्पायच्या स्वतःच्या प्रकाराचें नांव आहे. वाडा तोच, पाटीही तीच. राहणारा मात्र निराळा!

वाचकहो, प्रोग्राम बंद पडला म्हणून हळहळणारांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, तो अडला म्हणूनच कोणी तरी तो उघडून वाचला. मुकाट्यानें चालत राहिलेला खोटा हिशेब प्रबंधांत छापला गेला असता, तर तो वाचावयास कोण बसलें असतें?