लक्ष्याचा रंग कोणासाठी?



१ ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या तिसरीच्या वर्गात नेमबाजीचाच विषय होता. तो ज्या लक्ष्यावर नेम धरतो त्याचा १० गुणांचा गोल फक्त १०.४ मिलिमीटरचा असतो, हे मी फळ्यावर काढून दाखवलं तेव्हा मुलं थक्कच झाली. मग एकीने विचारलं, "बाई, कागदाला भोक पडतं. पण लोखंडावर गोळी मारली तर खूण कशी दिसणार?"

प्रश्न फार चांगला होता. अमेरिकेसारख्या देशांत टणक पोलादाच्या पाट्यांवर नेमबाजी करण्याचा खेळ आहे. गोळी लागली की टण्ण असा आवाज येतो. पण पाटीवर नेमकी कुठे लागली, ते कळतं रंगामुळे. पाटीला बहुधा पांढरा रंग दिलेला असतो. शिशाची गोळी आदळून फुटते, तिथला रंग उडतो आणि राखाडी डाग दिसतो. तो डाग बघून नेमबाज आपला पुढचा नेम सुधारतो. स्पर्धेत पुढच्या खेळाडूची पाळी आली की पाटीवर पुन्हा स्प्रे मारतात, म्हणजे त्याला कोरी पाटी मिळते.

आपण घराच्या गेटला रंग घेतो तेव्हा दुकानदाराला म्हणतो, "दादा, पक्का द्या, दहा वर्षं टिकला पाहिजे." इथे सगळं उलटं. हा रंग उडण्यासाठीच लावायचा. त्यामुळे महागाचा ऑइलपेंट वाया जातो. स्वस्त, लवकर वाळणारा, उन्हात न चमकणारा आणि मागच्या झाडामातीपासून उठून दिसणारा रंग बरा. म्हणजे पाटी किती सुंदर दिसते हे महत्त्वाचं नाही, समोर उभा आहे त्याला काय दिसतं हे महत्त्वाचं.

हे ऐकल्यावर मुलांनी हट्टच धरला, आपणही लक्ष्य करू या! आमच्याकडे बंदूक नाही आणि नकोच. शाळेच्या मागे एक जुना पत्रा पडला होता. त्याच्या कडा ठोकून बोथट करून घेतल्या. त्यावर टेनिस बॉल मारायचा ठरला. आता रंग कोणता? बहुतेकांचं मत पडलं हिरव्या पत्र्यावर लाल गोल. दिसायला छानच.

पण रंग आणण्याआधी तपासून पाहू, असं मी म्हटलं. हिरवा, निळा, पांढरा, काळा असे कार्डशीट भिंतीला लावले, त्यांवर वेगवेगळ्या रंगांचे गोल चिकटवले. प्रत्येकाने पंधरा पावलांवर एकट्याने उभं राहून दिसेल ते माझ्या कानात सांगायचं.

एक मुलगा हिरव्या कार्डाकडे बघून म्हणाला, "बाई, ह्यात गोल कुठाय?"

वर्गात लाल खडूने अधोरेखित केलेले शब्द वाचा म्हटलं की हा गप्प बसायचा. घरी त्याला "लक्ष नसतं तुझं" म्हणून बोलणी बसायची. काळ्या कार्डावरचा पिवळा गोल मात्र त्याने सगळ्यांच्या आधी सांगितला. म्हणजे लक्ष होतं, रंगच वेगळे दिसत नव्हते.

मी त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला सांगितलं. ती जरा वेळाने म्हणाली, "माझ्या वडिलांनापण पिकलेल्या मिरच्या तोडायला जमायचं नाही बघा. आम्ही हसायचो." तपासणीत लाल-हिरव्याचं रंगांधत्व निघालं. हा दोष बहुधा जन्मजात असतो, आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ जास्त आढळतो. जन्मजात असेल तर तो औषधाने जात नाही. पण त्यामुळे मूल हुशारीत कुठेही कमी पडत नाही. आता त्याचे वडील त्याला रागवत नाहीत, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

आमचं लक्ष्य शेवटी असं झालं: पत्र्याचा गंज घासून काढला, रेड ऑक्साईडचा एक हात, त्यावर फळ्याचा काळा रंग. गोलांच्या फक्त कडा पिवळ्या. बॉल खडूच्या डस्टरवर घासून मारला की काळ्यावर पांढरा ठसा उमटतो. ओल्या फडक्याने पुसलं की पुढच्याला कोरी पाटी. कोणाचा नेम किती चुकला हे दुसऱ्याला दिसत राहत नाही, त्यामुळे लाजरी मुलंही पुढे येतात. ठशांचं अंतर पट्टीने मोजताना सेंटिमीटरचा पाठही होऊन जातो.

तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी सांगते. डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावं असा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून नियम लागू आहे. यंत्रांसाठीचा औद्योगिक रंग मुलांच्या वस्तूंना लावू नका. दुसरं, रंग ठरवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाईट करून बघा. गोल दिसेनासा झाला तर ती रंगजोडी सोडून द्या.

हाच फोटो आपल्या वर्गातल्या तक्त्यांचा, भिंतीवरच्या चित्रांचा आणि रंगीत खडूने भरलेल्या फळ्याचाही एकदा काढून बघा. आपल्या वर्गात "लक्ष नसलेलं" एखादं मूल असेल, तर त्याच्या जागेवर बसून बघा.