आभाळ भरून आल्यावरचा वर्ग

चि. सोनूस,


आभाळ भरून आलं की तुझ्या सातवीतला एक मुलगा दप्तर उचलून कपाटावर ठेवतो, घरी फोन लावून द्या म्हणून मागे लागतो आणि बाकीची पोरं फिदीफिदी हसतात, असं तू लिहिलंस. आधी ते हसणं बंद कर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा हा दुसरी-तिसरीत असेल. वह्या चिखलात गेलेल्या त्याने डोळ्यांनी पाहिल्यात. त्याची भीती पुस्तकातून आलेली नाही.

हवामान बदलाचा धडा चालू असताना त्याने विचारलं, "बाई, मग परत पूर येणार?" यावर काय सांगू, असं तू विचारतेस. "काही होत नाही रे" एवढं मात्र म्हणू नकोस. पुढच्या पावसात गुडघाभर पाणी आलं की तुझ्यावरचा विश्वास त्यात वाहून जाईल. येऊ शकतो, असंच सांग. आणि तिथे न थांबता का येतो तेही सांग. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पाऊस थोड्या वेळात धो धो कोसळतो. त्यात नदीत साचलेला गाळ आणि समुद्राची भरती. कारणं अशी सुटी करून दाखवलीस, की त्यातली काही माणसाच्या हातातली आहेत हे पोरांना आपोआप कळतं. पुरानंतर चिपळूणकर साखळी उपोषणाला बसले आणि गाळ काढायचं काम सुरू झालं, हेही त्याच तासाला सांग.

'तुम्हीच उद्या पृथ्वी वाचवणार' हे भाषण मात्र नको. बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर एवढं ओझं कशाला? 2021 मध्ये भारतासह 10 देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10 हजार मुलांची पाहणी झाली. 59 टक्के मुलांना हवामान बदलाची फार काळजी वाटत होती. सरकारं पुरेसं काही करत नाहीत, आपल्याला वाऱ्यावर सोडलंय, ही भावना त्या काळजीशी जोडलेली आढळली. मोठे हातावर हात ठेवून बसले, की पोरांचा धीर सुटतो.

म्हणून मुलांना झेपेल तेवढंच काम दे. सरळ उभ्या भिंतींची बाटली आणि पट्टी घेऊन पर्जन्यमापक करा, रोजचा पाऊस फळ्यावर लिहा. नोंदीची वही त्याच मुलाकडे दे. यलो, ऑरेंज, रेड अलर्ट म्हणजे काय, ते वर्गाला पाठ असू दे. नगरपरिषदेतलं कुणी शाळेत बोलाव. पाणी चढलं की कोण कळवतं, कुठे जायचं, हे पोरांना त्यांच्याच तोंडून ऐकू दे. एवढं करूनही कुणाची झोप उडाली, जेवण सुटलं आणि ते आठवडेच्या आठवडे चाललं, तर आईवडिलांशी बोल. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर त्यांना दे. तुलाच धडधडायला लागलं तर तुझ्यासाठीही तोच नंबर आहे.

आणि येत्या पालकसभेत गॅदरिंगच्या आधी हा विषय घे: रेड अलर्टच्या दिवशी पोरांना कोण नेणार, फोन लागला नाही तर काय करायचं, शाळेचं दप्तर वरच्या मजल्यावर कोण हलवणार. नावं ठरली की ती वर्गात वाचून दाखव. त्या मुलाच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मोठ्यांनीच द्यायचं आहे.

तुझी,
आत्या