मेड इन यूएसए

अब्बा उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचमध्ये जीन्सच्या एका कारखान्यात कारागीर होते. सीझनला काम जास्त असले की ते पँटींचे गठ्ठे अंबरनाथला घरी आणत आणि अम्मी, मी व धाकटी बहीण रात्री उशिरापर्यंत धागे कापत बसत असू. एकदा गठ्ठ्यात कापडी लेबले निघाली. मी तेव्हा पाचवीत, इंग्रजी अक्षरे जुळवून वाचायची मोठी हौस. वाचले तर 'मेड इन यूएसए'. मी म्हणाले, "अब्बा, ये तो अमेरिका का है!"

अब्बा हसले. "बेटी, यूएसए मतलब उल्हासनगर सिंधी असोसिएशन."

हा विनोद आमच्या भागात लहानथोरांना ठाऊक आहे. त्या दिवशी मला तो कळला नाही. पण नाव वाचून माल ओळखता येत नाही, हा धडा मात्र तेथूनच सुरू झाला. तो पुरता समजायला मला पुढची वीस-पंचवीस वर्षे लागली.

त्यानंतर काही महिन्यांतच, ११ सप्टेंबर २००१ रोजी, न्यूयॉर्कचे दोन मनोरे कोसळले. शेजाऱ्यांच्या टीव्हीवर सारा मोहल्ला ते पाहत होता. जवळजवळ तीन हजार माणसे त्या दिवशी अमेरिकेत मेली. गर्दीत कोणीतरी म्हणाले, "अच्छा हुआ, अमेरिका को सबक मिला." अब्बा एवढेच बोलले, "उसमें झाडू मारनेवाले भी होंगे, चाय देनेवाले भी." मग ते उठून नमाजाला गेले. मला मात्र तेव्हा त्या दुसऱ्या माणसाचेच म्हणणे पटले होते. हे लिहिताना आज लाज वाटते, पण खरे ते सांगितले पाहिजे.

२००३ साली इराकवर हल्ला झाला. फेब्रुवारीत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत सद्दामच्या महासंहारक शस्त्रांचे 'पुरावे' मांडले होते. ती शस्त्रे पुढे सापडलीच नाहीत. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाने एक आख्खा देश उद्ध्वस्त झाला, लाखोंची घरे सुटली. उल्हासनगरच्या माणसाला घर सुटणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजांच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही आम्ही पत्ता सांगताना 'कॅम्प'च म्हणतो.

अमेरिकेवरचा माझा राग तेव्हापासूनचा, आणि तो अकारण नाही. ग्वांतानामोच्या तुरुंगात २००२ पासून सुमारे ७८० माणसे कोंडली गेली. त्यांतल्या बहुतेकांवर कधी आरोपपत्रही ठेवले गेले नाही. इस्रायलला दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत देण्याचा करार २०१६ मध्ये झाला, तोही ओबामांच्या काळात. गाझात मुले मरत असताना सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या ठरावांवर नकाराधिकार वापरणारा देश अमेरिकाच होता. अध्यक्ष कोणत्याही पक्षाचा असो, या बाबतीत फार फरक पडत नाही, हे माझे मत आजही कायम आहे.

पण रागाला चेहरा लागतो आणि आपण तो सोयीचा शोधतो. ही गोष्ट मला माझ्यावर पाळी आली तेव्हा कळली.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला झाला. सीएसटीवर, म्हणजे आजच्या सीएसएमटीवर, पन्नासहून अधिक माणसे मेली. मेलेल्यांत मुसलमानही होते. आमच्या बदलापूर-कर्जतच्या गाड्या तेथूनच सुटतात. मी कॉलेजात होते. त्यानंतर काही दिवसांनी लेडीज डब्यात मी बसायला गेले, तर एका बाईने आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि माझ्या बॅगेकडे पाहत राहिली. ती बोलली काही नाही. मीही बोलले नाही. त्याच सुमारास मुंबईतल्या मुस्लिम कब्रस्तानांच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना जागा देण्याचे साफ नाकारले होते. निरपराधांना मारणाऱ्यांना आमच्या मातीत जागा नाही, ही त्यांची भूमिका होती. मला वाटले, त्या बाईला हे सांगावे. पण अंबरनाथ आले आणि मी उतरले.

आता या हल्ल्याची तयारी कोणी केली ते पाहा. जागांची टेहळणी करणाऱ्याचे जन्मनाव दाऊद गिलानी. २००६ साली त्याने अमेरिकेत ते बदलून डेव्हिड हेडली करून घेतले. नवे नाव, अमेरिकन पासपोर्ट, गोरा चेहरा. तो मुंबईत पुन्हा पुन्हा येऊन गेला, ताजमध्ये उतरला, चित्रण करून गेला, आणि कोणी त्याच्याकडे मान वळवून पाहिले नाही. हाच माणूस पूर्वी अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या होता. २०१३ साली शिकागोच्या न्यायालयाने त्याला ३५ वर्षांची शिक्षा दिली. पण गुन्हा कबूल करून त्याने करार केला होता, त्यामुळे तो भारताच्या हाती लागला नाही. त्याचा साथीदार तहव्वुर राणा एप्रिल २०२५ मध्ये भारतात आणला गेला, हेडली तिकडेच राहिला. इकडे २००९ साली शाहरुख खानसारख्या माणसाला न्यूआर्कच्या विमानतळावर चौकशीसाठी थांबवून ठेवले गेले. खानला अडवायचे आणि हेडलीला सोडायचे, हीच नावावर चालणाऱ्या सुरक्षेची सारी हकीकत आहे. तिने अपमान पुष्कळ होतो, रक्षण होत नाही.

हा अनुभव घ्यायला विमानतळावर जावे लागत नाही. लग्नानंतर आम्ही बदलापूरला भाड्याने घर शोधत होतो. फोनवर माझे मराठी ऐकून एजंट म्हणाला, "ताई, उद्याच या, किल्ली माझ्याकडेच आहे." मग त्याने नाव विचारले. मी सांगितले. थोडा वेळ तो गप्प. नंतर म्हणाला, "मालकांना विचारून कळवतो." त्याने अद्याप कळवलेले नाही. त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला जाऊन आयसिसला मिळाल्याची बातमी गाजली होती. त्या चौघांचा हिशेब माझ्या नावे मांडला गेला, असे मला वाटले. फार संताप आला.

संताप ओसरल्यावर प्रश्न पडला. चौघांच्या कृत्याचा जाब मला विचारणे अन्याय असेल, तर बुश आणि ट्रम्प यांच्या कृत्याचा जाब मी 'अमेरिका' या नावाला कसा विचारते? १५ फेब्रुवारी २००३ रोजी इराक युद्धाविरुद्ध जगभर मोर्चे निघाले, त्यांत न्यूयॉर्कही होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राफाहत एका पॅलेस्टिनी कुटुंबाचे घर वाचवताना इस्रायली बुलडोझरखाली मेली ती रेचल कॉरी, २३ वर्षांची अमेरिकन मुलगी. जून २००८ मध्ये ग्वांतानामोच्या कैद्यांना न्यायालयात दाद मागण्याचा हक्क आहे, असे सांगितले ते अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या लोकांना प्रवेशबंदी केली, तेव्हा अमेरिकन वकील विमानतळांवर जमिनीवर बसून अनोळखी मुसलमानांसाठी अर्ज लिहीत होते. त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी त्या बंदीची सुधारित आवृत्ती मान्य केली, हेही विसरून चालणार नाही. २०२४ साली गाझासाठी अमेरिकेच्या विद्यापीठांत तंबू ठोकणाऱ्या मुलांत ज्यू मुलेही होती आणि तीन हजारांहून अधिक जणांना अटक झाली. हे सगळे 'मेड इन यूएसए'च आहे.

आणि आपला माप सारखा आहे का? १९८८ मध्ये सद्दामने हलब्जात विषारी वायू सोडून सुमारे पाच हजार कुर्द मारले. तेही मुसलमानच होते. तेव्हा सद्दाम अमेरिकेच्या सोयीचा होता, म्हणून अमेरिकेने डोळेझाक केली. पण आपण तरी किती मोर्चे काढले? सुदानमध्ये मुसलमान मुसलमानाला मारतो, तेव्हा आपल्या तकरिरींत किती दुआ होतात? मारणारा अमेरिकन असेल तेव्हाच मेलेला आपला, हा हिशेब मला अल्लाहसमोर मांडता येणार नाही.

२२ जून २०२५ रोजी अमेरिकेने इराणच्या तीन अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. तो रविवार होता. सोमवारी नववीच्या वर्गात सुरक्षेचाच विषय चालू होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "टीचर, अमेरिका हमारा दुश्मन है ना?" वर्ग एकदम शांत झाला. सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले.

मी त्यांना १९४२ सालची गोष्ट सांगितली. जपानशी युद्ध पेटल्यावर अमेरिकेने आपल्याच देशात राहणाऱ्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या माणसांना, केवळ नाव आणि चेहरा पाहून, कॅम्पात डांबले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. कॅम्प म्हणताच मुलांचे कान टवकारले. "हमारे जैसा कॅम्प?" एकीने विचारले. मी म्हणाले, "नाही. आपल्या कॅम्पात घर सुटलेली माणसे आसऱ्याला आली. त्या कॅम्पात नेण्यासाठी माणसांची घरे सोडवली गेली." मग १९८८ साली अमेरिकेच्या सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले, हेही सांगितले. चूक करणारे सरकार अमेरिकेचे, भोगणारेही अमेरिकेचे आणि चाळीस-पंचेचाळीस वर्षे माफीसाठी झगडणारेही अमेरिकेचेच. यांतला दुश्मन कोण, ते तुम्ही ठरवा, असे म्हणून मी तास संपवला.

दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या. त्या मुलाने आदल्या दिवशी वहीच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते, 'अमेरिका ज़ालिम है.' आता त्याच ओळीत, वर बारीक अक्षरांत, एक शब्द घुसवलेला होता. 'अमेरिका की हुकूमत ज़ालिम है.'

मी त्यावर काही शेरा लिहिला नाही. सही केली आणि वही परत दिली. बदलापूरच्या त्या एजंटालाही कोणीतरी असा एक शब्द घुसवायला शिकवावे, एवढेच मनात आले.