ठेक्याच्या मागून येणारी

न्यूयॉर्कमधला एक स्टुडिओ, १९३५ सालचा जुलै महिना. पियानिस्ट टेडी विल्सननं मोजके वादक जमवलेत आणि गाणं आहे ‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’. लय चांगलीच द्रुत. बेनी गुडमनची क्लॅरिनेट सुरुवातीपासून अशी उधळते की गाणाऱ्याला दम तरी कुठं घेता येणार, असं वाटावं. मग वीस वर्षांची एक मुलगी गायला लागते आणि त्या सगळ्या धावपळीत ती एकटीच निवांत असते. ठेका पुढं निघून जातो, शब्द मागून येतो. आता हिची लय सुटणार म्हणून आपण कान टवकारावेत, तोवर ती ओळ पुरी करून नेमक्या जागी पोचलेली असते. तबकडी विल्सनच्या वाद्यवृंदाच्या नावावर निघाली. मुलीचं नाव बिली हॉलिडे.

तिच्याविषयी बोलायचं म्हटलं की लोक तिच्या दुःखापासून सुरुवात करतात. दुःख खरंच होतं आणि ते लपवण्यासारखंही नाही. पण हाल सोसलेल्या बायका त्या काळच्या हार्लेममध्ये, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीत, घरोघरी होत्या, आणि अशी लय त्यांच्यापैकी एकीकडेच होती. तिच्या गाण्याचं श्रेय तिच्या हालअपेष्टांना देणं हा मला तिच्यावरचा आणखी एक अन्याय वाटतो. ती फार बुद्धीनं गात होती.

जन्म ७ एप्रिल १९१५, फिलाडेल्फिया. वाढली बाल्टिमोरमध्ये. वडील क्लॅरन्स हॉलिडे गिटार वाजवत. घरात ते जवळजवळ नव्हतेच. आई, सेडी, लोकांकडे कामं करायची. नऊ-दहा वर्षांची असताना पोरीला कॅथलिक जोगिणींच्या सुधारगृहात ठेवलं गेलं. वरकामासाठी जिथं जायची त्या बदनाम घरात ग्रामोफोन होता, आणि त्यावर लुई आर्मस्ट्राँग आणि बेसी स्मिथ ऐकले, असं तिनं आत्मचरित्रात म्हटलंय. त्या पुस्तकातल्या बऱ्याच गोष्टी तपासून घ्याव्या लागतात, पण ही खरी मानायला तिचं गाणंच पुरेसं आहे. बेसीसारखा भरदार आवाज तिला हवा होता, आणि आर्मस्ट्राँग चाल जशी मोडून पुन्हा बांधायचा ती मोकळीक. भरदार आवाज काही मिळाला नाही. तिचा गळा लहान, जेमतेम सव्वा सप्तकाचा. पण तोवर रेकॉर्डिंगमध्ये मायक्रोफोन आला होता. हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची गरज उरली नव्हती. कानाशी बोलावं तसं गाता येत होतं. पुढं न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड-निर्मात्या जॉन हॅमंडनं तिला हार्लेमच्या एका क्लबात ऐकलं आणि नोव्हेंबर १९३३ मध्ये तिची पहिली तबकडी रेकॉर्ड झाली. तेव्हा ती १८ वर्षांची होती.

विल्सनबरोबरच्या त्या तबकड्या मुख्यतः ज्यूकबॉक्ससाठी निघायच्या. नाणं टाकायचं, गाणं ऐकायचं. चांगली गाणी बहुतेक गोऱ्या कलाकारांकडे जात. इकडे यायची ती पुष्कळदा उरलीसुरली. वादक स्टुडिओत येत, गाण्याचे कागद हातात पडत, कोण कधी वाजवणार हे तिथल्या तिथं ठरे आणि तीन मिनिटांत तबकडी पुरी होई. गायिकेच्या वाट्याला येणारा वेळ एखाद्या वाद्याइतकाच. पैसे एकरकमी; पुढं कितीही खपली तरी तिला एक सेंटही मिळायचा नाही. अशा कामात बिली काय करायची ते बघा. चालीतले उंच चढउतार ती काढून टाकी, चार-पाच स्वरांतच फिरत राही आणि सगळा जीव शब्द कधी टाकायचा यावर ओती. ठुमरीतले बोल ज्यांनी मन लावून ऐकलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. साधासुधा शब्द उशिरा आला की त्याचा अर्थ पालटतो. ‘प्रेम’ म्हणण्याआधी ती क्षणभर थांबली की त्यात शंका येते.

तिच्या या लयीला बरोबरीचा सोबती मिळाला तो लेस्टर यंग. त्याचा टेनर सॅक्सोफोन तिच्या दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेत हलकेच येऊन बसे. त्यानं तिला ‘लेडी डे’ म्हटलं, तिनं त्याला ‘प्रेझ’. हार्लेममध्ये तो काही काळ तिच्या आईच्या घरी राहायलाही होता. १९३७-३८ मधल्या त्या दोघांच्या तबकड्यांच्या तोडीचं जॅझमध्ये फार थोडं आहे, असं माझं मत आहे.

मग १९३९. एबल मीरोपोल या शिक्षकानं काळ्या माणसांना झाडाला लटकवून मारण्याच्या प्रकारावर कविता लिहिली होती आणि तिला चालही लावली होती. ‘स्ट्रेंज फ्रूट’. कॅफे सोसायटी या क्लबात बिली ते शेवटी म्हणायची. वेटर थांबायचे, दिवे मालवायचे, फक्त तिच्या चेहऱ्यावर झोत. गाणं संपलं की पूर्ण अंधार, आणि दिवे लागेपर्यंत ती निघून गेलेली. पुन्हा येणं नाही. तिच्या कोलंबिया कंपनीनं ते रेकॉर्ड करायला नकार दिला. मिल्ट गॅबलरच्या छोट्याशा कमोडोर कंपनीनं २० एप्रिलला ते केलं. ऐकताना लक्ष द्या, ती कुठंही आवाज चढवून रडत नाही. पाहिलेलं सांगावं तसं सांगते, म्हणून अंगावर येतं.

पुढची वर्षं सर्वांना ठाऊक आहेत. हेरॉइन, वाईट नवरे, १९४७ ची अटक, वेस्ट व्हर्जिनियातला तुरुंग. सुटून दोन आठवडे व्हायच्या आत कार्नेगी हॉल तिनं खचाखच भरला, पण न्यूयॉर्कमध्ये दारू मिळते अशा ठिकाणी गायचा परवाना गेला तो गेलाच. म्हणजे क्लबांचं दार बंद.

डिसेंबर १९५७ मध्ये सीबीएस वाहिनीच्या ‘द साउंड ऑफ जॅझ’ या कार्यक्रमात ती आणि लेस्टर पुन्हा एकत्र आले. मध्ये बराच दुरावा आला होता. चित्रफीत आहे, जरूर पाहावी. बिली स्टुलावर बसलेली, भोवती वादकांचं कोंडाळं, गाणं तिनंच लिहिलेलं ‘फाइन अँड मेलो’. लेस्टर इतका थकलेला की बसूनच होता. आपली पाळी आल्यावर तो उठतो आणि मोजके स्वर वाजवतो, एकही जास्तीचा नाही. कॅमेरा बिलीच्या चेहऱ्यावर जातो. ओठ किंचित विलग, मान हलके हलत, त्याच्या प्रत्येक स्वराला तिचा होकार. दाद कशी द्यावी हे तिथं शिकावं.

दोन महिन्यांनी, रे एलिसच्या व्हायोलिनांच्या ताफ्याबरोबर, ‘लेडी इन सॅटिन’. आवाज फाटलेला, खरखरीत. काहींना ती तबकडी ऐकवत नाही, काहींना तीच सर्वांत थोर वाटते. मला तीत एक गोष्ट थक्क करते: गळा गेला, लय तसूभर ढळलेली नाही. शब्द अजूनही तिला हवा तेव्हाच पडतो.

मार्च १९५९ मध्ये लेस्टर गेला. १७ जुलैला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन हॉस्पिटलमध्ये बिली गेली, ४४ व्या वर्षी. मादक पदार्थ बाळगल्याबद्दल पोलिसांनी तिला त्या आजारपणात हॉस्पिटलच्या खाटेवरच अटक केली होती.

तिला पहिल्यांदाच ऐकणार असाल तर कृपा करून ‘लेडी इन सॅटिन’पासून सुरुवात करू नका. २५ जानेवारी १९३७ ला रेकॉर्ड केलेलं ‘धिस इयर्स किसेस’ लावा. आधी लेस्टर चाल वाजवतो, मग ती येते. तेव्हा ती २१ वर्षांची होती.