बाशिंगाची नोंद

आमची नात सिंगापूरला वनस्पतिशास्त्र शिकते. मुलगा बंदराच्या कामात, म्हणून बिऱ्हाड हार्बरफ्रंटला. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन महिने तिथे राहून आलो. स्टेशनाजवळूनच मरांग नावाची पायवाट माउंट फेबरच्या टेकडीवर चढते. पायऱ्या पुष्कळ, आणि आमचे गुडघे जुने. तरी नात पुढे व आम्ही मागे, असे रोज सकाळी जात असू. तिच्या हातात एक छापील यादी असे. सिंगापुरात आढळणारे नेचे आणि त्यांचे नातलग.

तिसऱ्या दिवशी एका मोठ्या पर्जन्यवृक्षाच्या फांदीकडे पाहून आम्ही ओरडलोच, "अगं, हे तर बाशिंग!" फांदीला चिकटलेली तपकिरी, कातरलेली वाळकी पाने, आणि त्यांतून वर निघालेली लांब हिरवी पाने. रेवदंड्याला आजीच्या वाडीतल्या आंब्यावर हेच होते. आजी त्याचे मूळ ठेचून मुरगळलेल्या पायावर बांधायची. पुढे परिचारिका झाल्यावर आम्ही त्या उपचाराला हसलो. आजही रोग्याला ते बांधणार नाही, पण हसणे जरा जास्त झाले, असे आता वाटते.

नातीने यादीत बोट ठेवले. ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया. लिनियसने १७५३ साली याला पॉलिपोडियमच्या घरात घातले होते. मागाहून त्याचे घर वेगळे झाले.

"म्हणजे तुम्ही लोक नावेच बदलत बसता?" आम्ही विचारले.

"नाही आजी, एकच झाड दोनदा मोजले जाऊ नये म्हणून हा खटाटोप."

मग तिने समजावले. तिथल्या बोटॅनिक गार्डन्समध्ये वाळवून कागदावर चिकटवलेले नमुने शंभर-सव्वाशे वर्षे जपून ठेवले आहेत. रिडलीसाहेब १८८८ ते १९१२ तिथे प्रमुख होते. त्यांच्यामागून आलेल्या होल्टम यांनी मलायाच्या नेच्यांवर १९५४ चा मोठा ग्रंथ लिहिला. जपानी अंमलातही त्यांना बागेत काम करू दिले होते. यादी सुधारणारा माणूस प्रत्येक नावामागचा नमुना काढतो, चिठ्ठी वाचतो, पुन्हा ओळख पटवतो. झाड मूळचे इथले, की परदेशातून येऊन रुजलेले, तेही लिहायचे. चंदेरी पाठीचा एक नेचा अमेरिकेतून आलेला, आता तिथल्या भिंतींवर खुशाल वाढतो. २००१ च्या संशोधनाने तर पंगतच बदलली: लायकोपोडियम, सेलाजिनेला यांना नेच्यांचे सख्खे समजत, पण नेचे त्यांच्यापेक्षा फुलझाडांना जवळचे निघाले. २०१६ साली जगातल्या तज्ज्ञांनी मिळून ३३७ प्रजाती व सुमारे बारा हजार जाती अशी नवी मांडणी केली, आणि २०२२ साली सिंगापूरच्या सगळ्या वनस्पतींची सुधारलेली यादी निघाली.

आम्हांला त्यातले एकच मनापासून पटले. नव्या नावाखाली जुनी सगळी नावे लिहून ठेवतात. आम्ही १९७८ साली इस्रायलला आलो तेव्हा एका कारकुनाने आमचे गावाचे आडनाव कानाला लागले तसे लिहिले. लग्नानंतर तिसरे आले. निवृत्तीच्या वेळी नोकरीची पहिली चार वर्षे सापडेनात. त्या नावाची परिचारिका रजिस्टरात होती, पण ती आम्ही आहोत हे कुणी मानेना! सात महिने हेलपाटे घातले. शेवटी रात्रपाळीच्या एका जुन्या मैत्रिणीने शपथेवर लिहून दिले, तेव्हा कुठे दोन्ही बायका एक झाल्या. आपल्या वाचकांत असे कितीतरी घरी घडले असेल.

यादीत काही नावांपुढे 'नामशेष असावे' असेही होते. हे कोण ठरवते, असे आम्ही जरा रागानेच विचारले. आमच्या वॉर्डात नाडी पाहिल्याशिवाय कुणी कुणाला मृत लिहीत नसे. नात म्हणाली, जुन्या चिठ्ठीवरच्या जागी जाऊन शोधतात. 'असावे' हा शब्द त्यासाठीच. मग एका रविवारी ती आम्हांला जवळच्या लॅब्रेडोरला घेऊन गेली. तिथल्या समुद्रकड्यावर डिप्टेरिस नावाचा, दोन अर्ध्या पंख्यांसारखा नेचा वाढतो. मलेशियात तो उंच डोंगरांवर भेटतो, इथे खाऱ्या वाऱ्यात उभा.

आपल्याकडची यादी कोणती, असे तिने विचारले. मुंबईचे फादर ब्लॅटर आणि डी'आल्मेडा यांचे 'फर्न्स ऑफ बॉम्बे' १९२२ चे, हे तिनेच मग शोधून काढले. त्यावरून आठवण झाली आणि आम्ही रेवदंड्याच्या मावसभावाला फोन केला. आंबा केव्हाच तोडला, म्हणाला. घर विकले तेव्हाच. आम्ही गप्प बसलो. चार दिवसांनी त्याने एक फोटो पाठवला. शेजारच्या वाडीतल्या माडाच्या खोडावर बाशिंग.

नातीने फोटो मोठा करून पाहिला आणि वही उघडली. "आजी, नुसत्या फोटोने नाव चढत नाही हं. मामाआजोबांना विचार, वाडी कुणाची, आणि तारीख कोणती?"

आम्ही पुन्हा फोन लावला.